बाकावरचा बारावा खेळाडू

मराठीत 'बदली' या शब्दाला बरेच पदर आहेत. सरकारी नोकराची बदली होते आणि त्याचे बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावी जाते. मुंबईच्या गिरणगावात 'बदली कामगार' असे. कायम कामगार गैरहजर राहिला, तर त्याच्या जागी बदलीला काम मिळे. म्हणून तो रोज पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या दाराशी जाऊन उभा राही. कुणी आले नाही, तरच त्याचा दिवस भरे. 'बदल' हा शब्द मूळचा अरबी. माझ्या घरच्या दखनीत आणि शाळेत शिकलेल्या मराठीत तो एकाच अर्थाने नांदतो. एकाच्या जागी दुसरा, एवढेच तो सांगतो. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे, ते सांगत नाही.

आज मला बोलायचे आहे ते फुटबॉलमधल्या बदली खेळाडूविषयी, आणि त्यातही मुलांच्या सामन्यांतल्या बदली खेळाडूविषयी. बाहेर बसलेल्या मुलाला आत कधी घ्यायचे, किती वेळ खेळवायचे, एकदा बाहेर आलेल्याला परत आत जाता येईल की नाही, असे हे प्रश्न आहेत. ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्यांची उत्तरे शोधता शोधता फुटबॉलची शंभर वर्षे गेली, आणि प्रत्येक उत्तरामागे एक मोठा प्रश्न होता: खेळ कुणासाठी असतो? सामन्यासाठी की खेळणाऱ्यासाठी?

गंमत अशी, की बदली खेळाडूचा जन्म शाळेतच झाला. इंग्लंडमधल्या चार्टरहाउस या जुन्या शाळेच्या संघाचा १८६३ साली शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी सामना ठरला. येणार म्हणून सांगितलेले काही जण आलेच नाहीत, तेव्हा तीन बदली खेळाडू घ्यावे लागले, असे त्या वेळच्या वृत्तान्तात नोंदलेले आहे. म्हणजे गिरणीच्या दारातल्या बदलीसारखाच हा बदली होता. गैरहजर माणसाची जागा भरायची आणि सामना पार पाडायचा, एवढेच त्याचे काम. सामना एकदा सुरू झाला की त्याचा संबंध संपला.

त्याच १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि खेळाचे नियम लिहून काढले गेले. त्या नियमांत सामना चालू असताना खेळाडू बदलण्याची तरतूद नव्हती. पुढे १८८६ साली ब्रिटनमधल्या चार संघटनांनी मिळून नियम ठरवणारे मंडळ स्थापन केले. फुटबॉलचे नियम आजही हेच मंडळ ठरवते. १९१३ साली 'फिफा' ही आंतरराष्ट्रीय संघटना त्यात सामील झाली. नियम वाढले, बदलले, पण मोठ्या स्पर्धांमध्ये एक गोष्ट कायम राहिली. ज्या अकरांनी सामना सुरू केला, त्यांनीच तो संपवायचा. कुणाचा पाय मोडला तर उरलेल्या दहांनी खेळायचे.

यामागे केवळ हट्ट नव्हता, एक विचार होता. दोन्ही बाजूंना समान माणसे, समान वेळ, आणि नशिबाने जे पुढ्यात येईल ते सोसायचे. दुखापत हा पावसासारखा, वाऱ्यासारखा खेळाचाच भाग मानला जाई. दुसरी भीती लबाडीची होती. बदली खेळाडूची सोय केली, तर दमलेला खेळाडू लंगडण्याचे सोंग करील आणि त्याच्या जागी ताज्या दमाचा येईल. हा विचार कागदावर नीट दिसतो. मैदानावर त्याची किंमत मात्र माणसांच्या हाडांनी मोजली.

ती किंमत सगळ्या इंग्लंडला दिसली १९५०च्या दशकात, वेम्बली मैदानावरच्या एफ.ए. कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत. ५ मे १९५६ रोजी मँचेस्टर सिटी आणि बर्मिंगहॅम सिटी यांचा अंतिम सामना होता. मँचेस्टरचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान हा जर्मन, महायुद्धात छत्रीधारी सैनिक म्हणून लढलेला, ब्रिटिशांच्या कैदेत सापडलेला आणि नंतर इंग्लंडमध्येच राहिलेला. सामना संपायला सुमारे सतरा मिनिटे होती. चेंडू अडवायला त्याने झेप घेतली आणि समोरून धावत येणाऱ्या खेळाडूचा गुडघा त्याच्या मानेवर बसला. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण बदली गोलरक्षक घेण्याची सोय नव्हती. तो तसाच उभा राहिला, त्यानंतरही त्याने चेंडू अडवले आणि मँचेस्टरने सामना ३-१ असा जिंकला. काही दिवसांनी एक्स-रे काढला, तेव्हा त्याची मान मोडली असल्याचे कळले.

ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जाते, आणि शौर्य त्यात आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मान मोडलेला माणूस सतरा मिनिटे मैदानावर उभा होता, कारण नियमाने त्याला दुसरा पर्याय ठेवला नव्हता. त्याच्या जिवावर बेतले असते, तर त्या नियमाला आपण काय म्हटले असते?

पुढच्याच वर्षी, १९५७च्या अंतिम सामन्यात, पहिल्या काही मिनिटांतच मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वूड याच्या गालाचे हाड टकरीत मोडले. बचावफळीतल्या जॅकी ब्लँचफ्लॉवरला गोलमध्ये उभे राहावे लागले. वूड नंतर परत आला, पण बराचसा वेळ मैदानाच्या कडेला उभे राहण्यापुरताच. युनायटेडने त्या हंगामात लीग जिंकली होती. हा कप मात्र ॲस्टन व्हिलाने २-१ असा नेला. १९५९ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या रॉय ड्वाइटचा आणि १९६० साली ब्लॅकबर्नच्या डेव्ह व्हेलनचा पाय अंतिम सामन्यातच मोडला. वर्षामागून वर्षे तेच घडत होते. लोक तिकीट काढून अकरा विरुद्ध अकरा पाहायला येत आणि अकरा विरुद्ध दहा पाहून घरी जात.

अखेर इंग्लंडच्या फुटबॉल लीगने १९६५-६६च्या हंगामापासून एक बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली, पण फक्त दुखापत झाली तरच. २१ ऑगस्ट १९६५ रोजी बोल्टनच्या मैदानावर चार्ल्टन संघाचा गोलरक्षक अकराव्या मिनिटाला जखमी झाला आणि कीथ पीकॉक आत आला. इंग्लिश लीगमधला हा पहिला बदली खेळाडू. पण लवकरच जुनी अडचण उभी राहिली. दुखापत खरी की खोटी, हे पंचाने कसे ओळखायचे? तो काही डॉक्टर नव्हे. म्हणून दोनच वर्षांत, १९६७-६८च्या हंगामापासून, कारण न विचारता खेळाडू बदलण्याची परवानगी मिळाली. माझ्या मते खरी क्रांती ही होती. बदली खेळाडू जखमेचा मलम म्हणून आला होता, तो आता डावपेचाचा मोहरा झाला.

विश्वचषकाला मात्र आणखी वाट पाहावी लागली. १९६६च्या विश्वचषकात पोर्तुगालविरुद्धच्या सामन्यात पेलेला इतक्या लाथा बसल्या, की नंतर तो लंगडतच मैदानावर वावरत होता. जगातला सर्वांत मोठा खेळाडू एका पायावर उभा होता आणि त्याच्या जागी कुणी येऊ शकत नव्हते. चार वर्षांनी, ३१ मे १९७० रोजी, मेक्सिकोतल्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात मध्यंतरानंतर सोव्हिएत संघाचा अनातोली पुझाच आत आला. विश्वचषकातला तो पहिला बदली खेळाडू. त्याच स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात पश्चिम जर्मनीच्या बेकेनबाउरचा खांदा निखळला, तेव्हा संघाचे दोन्ही बदल वापरून झाले होते. त्यामुळे तो हात छातीशी बांधून खेळला. नियम आला होता, पण अजून अपुरा होता.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९९४ साली दोन खेळाडू आणि एक गोलरक्षक बदलता येऊ लागला, १९९५ पासून कुठलेही तीन. २०२० साली कोरोनाच्या काळात दाटीवाटीने सामने घ्यावे लागले, म्हणून तात्पुरते पाच बदल मान्य झाले आणि २०२२ साली ते कायम झाले. बाकावरून उठलेल्यांनी मोठमोठे सामनेही फिरवले. १९९९ साली बार्सिलोनात युरोपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या शेरिंगहॅम आणि सोल्शेर या दोन बदली खेळाडूंनी शेवटच्या भरपाई वेळेत गोल केले. २०१४चा विश्वचषक जर्मनीला मिळवून देणारा गोल मारिओ गोट्झेचा, आणि तोही बदली म्हणूनच आला होता. पण मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये एक दार बंदच राहिले. एकदा बाहेर आलेला खेळाडू त्या सामन्यात परत आत जाऊ शकत नाही.

आता मुलांकडे येऊ. इथे गोष्ट अगदी वेगळ्या दिशेने गेली, आणि त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल. तिथे 'फुटबॉल' म्हणजे दुसराच, हातात चेंडू घेऊन पळण्याचा खेळ. आपल्या फुटबॉलला ते 'सॉकर' म्हणतात. १९६४ साली कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स या गावी 'अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन' ही संस्था नऊ संघांनिशी सुरू झाली. चालवणारे बहुतेक मुलांचे आईबापच. इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलने पहिला बदली खेळाडू आत घेण्याच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट. या संस्थेच्या तत्त्वांतले पहिले तत्त्व अगदी साधे आहे: प्रत्येक जण खेळणार. ते केवळ बोधवाक्य नाही. प्रत्येक सामन्यात प्रत्येक मूल किमान निम्मा वेळ मैदानावर असलेच पाहिजे, असा नियम आहे.

हा नियम अमलात कसा येतो, ते पाहण्यासारखे आहे. सामन्याचे दोन अर्ध असतातच. प्रत्येक अर्धाच्या साधारण मध्यावर खेळ थांबला की पंच बदलीसाठी खूण करतो. म्हणजे सामन्याचे चार भाग पडतात. कोणत्या भागात कोण बाहेर होते, याची यादीवर नोंद होते. सगळ्यांचे तीन भाग खेळून झाल्याशिवाय कुणीही चारही भाग खेळायचे नाहीत, असेही अनेक ठिकाणी पाळतात. पण एवढ्याने भागत नाही. एका संघात सगळे तरबेज आणि दुसऱ्यात सगळे नवखे असतील, तर निम्मा वेळ खेळूनही हाती नुसता मारच येतो. म्हणून या संस्थेचे दुसरे तत्त्व समतोल संघांचे आहे. बदलीचा नियम एकटा उभा राहत नाही, त्याला संघ पाडण्याच्या पद्धतीचा आधार लागतो.

यात हिशेबही आहे. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांची मुले सात विरुद्ध सात खेळतात, सामना पन्नास मिनिटांचा आणि संघात जास्तीत जास्त बारा मुले. सात जागा गुणिले पन्नास मिनिटे म्हणजे ३५० मिनिटांचा खेळ. तो बारा जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २९ मिनिटे येतात, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्तच. आता त्या बारांपैकी सातच जण पूर्ण वेळ खेळवा. पाच मुलांच्या वाट्याला शून्य येते. दोन्ही ठिकाणी खेळ ३५० मिनिटांचाच झाला. फरक फक्त वाटपाचा. लहानपणी भावंडांत खाऊ वाटताना आई जे गणित तोंडी करायची, तेच हे गणित आहे.

निम्म्या वेळाचा नियम पाळायचा तर बाहेर आलेल्या मुलाला परत आत जाता आले पाहिजे. मोठ्यांसाठी बंद असलेले ते दार मुलांसाठी उघडे ठेवावे लागते. आजच्या नियमपुस्तकात ते उघडे आहे. मुलांचे, वयस्क खेळाडूंचे, अपंगांचे आणि हौशी पातळीवरचे सामने असतील, तर राष्ट्रीय संघटनेच्या संमतीने खेळाडू बाहेर येऊन पुन्हा आत जाऊ शकतो. २०१७ साली नियम-मंडळाने राष्ट्रीय संघटनांना या बाबतीत अधिक मोकळीक दिली. मुलांच्या अनेक सामन्यांत तर बदलांना मर्यादाच नसते. खेळ थांबला की मूल मध्यरेषेजवळ येऊन उभे राहते, पंच हात करतो, एक बाहेर येतो, दुसरा आत जातो. दहा मिनिटांनी उलटा प्रवास.

यालाही विरोध आहे, आणि तो वेडगळ नाही. प्रशिक्षकांचा एक वर्ग म्हणतो, की सारखी ये-जा चालली तर मुले दम राखायला शिकत नाहीत. खेळाची लय तुटते. आघाडीवर असलेला संघ वेळ काढण्यासाठी उगाच माणसे बदलतो. शिवाय पुढे मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये परत येणे नाहीच, मग मुलाने आधीपासूनच ते का शिकू नये? अमेरिकेत निवडक, होतकरू मुलांसाठी २००७ साली 'डेव्हलपमेंट अकॅडमी' सुरू झाली, ती २०२० पर्यंत चालली. तिने मोठ्यांच्या जवळ जाणारा मार्ग घेतला. बाहेर आला तो बाहेर. पण तिथेही दुसरा एक नियम जोडावा लागला. प्रत्येक खेळाडूला हंगामातल्या किमान पाव सामन्यांत सुरुवातीच्या अकरांत स्थान मिळालेच पाहिजे. म्हणजे ज्यांनी कडक नियम स्वीकारला, त्यांनाही बाकावर बसून कुणी फुटबॉल शिकत नाही, हे मान्य करावे लागले.

शेवटी पुन्हा जखमेपाशी येतो, कारण बदली खेळाडू आत आला तो जखमेतून. डोक्याला मार लागलेला खेळाडू वरून धडधाकट दिसतो. तो स्वतःही म्हणतो, मी ठीक आहे. ट्राउटमानही खेळतच राहिला होता. डोक्याच्या दुखापतीसाठी वेगळा, जादा बदल देण्याचे प्रयोग फुटबॉलमध्ये २०२१ साली सुरू झाले आणि २०२४ पासून स्पर्धांना तो कायमचा स्वीकारता येऊ लागला. क्रिकेटमध्ये हे थोडे आधी आले. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन फलंदाजीला उतरला, ते अनेकांना आठवत असेल. तोवर क्रिकेटमधला बारावा गडी फक्त क्षेत्ररक्षण करी, त्याला बॅटही नाही आणि चेंडूही नाही. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने मुलांच्या बाबतीत २०१५ सालीच पाऊल उचलले. दहा वर्षे आणि त्याखालच्या मुलांनी चेंडू डोक्याने मारू नये, आणि डोक्याला मार लागल्याची शंका असलेल्या मुलाला तपासण्यासाठी बाहेर घेतले तर त्याच्या संघाचे नुकसान होऊ नये, असे तिने ठरवले. परत येण्याची मुभा असली की प्रशिक्षकाचा हात मुलाला बाहेर बोलवायला कचरत नाही. बदल वाया जाईल ही भीतीच उरत नाही. उदार नियम इथे मुलाच्या डोक्याचे रक्षण करतो.

आपल्याकडे काय? २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईला आणि मडगावच्या फातोर्ड्याला त्याचे सामने झाले. २०२२ साली मुलींच्या त्याच वयोगटाच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही नवी मुंबईतच झाला. ते सामने मोठ्यांच्या नियमाने, बाहेर गेलेल्याला परत न घेता खेळले गेले, आणि त्या पातळीवर ते योग्यच आहे. माझा प्रश्न त्याच्या खालच्या पायरीचा आहे. आपल्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. एक सामना हरला की घरी. मग कुठलाही क्रीडाशिक्षक आपले ठरलेले अकरा बाहेर काढायला धजावत नाही. त्याला दोष तरी कसा द्यावा? पावसाळ्यात शाळांच्या मैदानांच्या कडेला मी अशी मुले पाहिली आहेत. अंगात संघाचा शर्ट, पायांत कोरे बूट, आणि काम काय, तर इतरांची दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळण्याचे. सामना संपला तरी त्यांच्या शर्टाला चिखलाचा डाग नसतो.

वाईट याचे वाटते, की बाहेर गेलेल्याने परत येणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या कबड्डीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक जण परत आत येतो, आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने येतो. आपल्या लोकांनी या पद्धतीला 'संजीवनी' असे नाव दिले. आणि गल्लीतला 'लिंबूटिंबू' आठवा. मोठ्या मुलांच्या खेळात हट्ट करून घुसलेले धाकटे भावंड. त्याला बाद धरायचे नाही, पण खेळातून हाकलायचेही नाही. हा नियम कुठल्या मंडळाने केला नव्हता. घरातले सगळ्यांत लहान मूल रडत दाराशी बसू नये, एवढ्याचसाठी मुलांनी तो आपापसांत केला होता.

शालेय फुटबॉलमध्ये, निदान चौदा वर्षांखालच्या गटात, असा नियम करायला पैसा लागत नाही. स्पर्धेची पहिली फेरी बाद पद्धतीऐवजी गटवार साखळीची ठेवावी, म्हणजे एका हारीने सगळे संपणार नाही. परत येण्याची मुभा द्यावी. आणि यादीत नाव असलेले प्रत्येक मूल किमान निम्मा वेळ खेळले पाहिजे, असे स्पर्धेच्या नियमांत लिहावे. त्यासाठी एक घड्याळ, एक कागद आणि एक पेन्सिल पुरते. अठरा मुलांच्या संघाला सत्तर मिनिटांच्या सामन्यात प्रत्येकी सुमारे ४३ मिनिटे येतात. हिशेब जुळतो आहे. तो मैदानावर आणायचा की नाही, हे मोठ्यांनी ठरवायचे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)